गावच्या शाळेतून तंत्रज्ञानाकडे

महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाचा पहिला फाटा दहावीच्या निकालानंतर फुटतो. एक वाट तंत्रनिकेतनातल्या तीन वर्षांच्या पदविकेकडे जाते, दुसरी आयटीआयकडे, तिसरी अकरावी विज्ञानाकडे. पदविका पूर्ण करणाऱ्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. अकरावी विज्ञानात दोनशे गुणांचा ‘बायफोकल’ विषय घेण्याची सोय असते, त्यात संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स निवडता येते. यातले काहीच गुपित नाही. सगळे माहितीपुस्तिकांत छापलेले असते. तरीही ते पोचते ठरावीक घरांत. ज्या घरातला काका अभियंता आहे किंवा शेजारची ताई हिंजवडीत नोकरीला आहे, तिथे जूनमध्ये कोणता अर्ज कधी भरायचा हे आधीच ठरलेले असते. बाकीच्या घरांत निर्णय होतो तो तालुक्याच्या गावी कोणते कॉलेज आहे आणि एसटी किती वाजता सुटते यावर. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा असली की मुलगी कला शाखेत जाते. तिने ती निवडली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

‘प्रथम’ संस्थेने २०२३ साली देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. ‘असर’ या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले-मुली कला शाखेत होती. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत मुलग्यांपैकी ३६.३ टक्के, तर मुलींपैकी २८.१ टक्के. कोणत्याही प्रकारचे व्यवसायशिक्षण घेणारे सगळे मिळून ५.६ टक्के. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे गणित निम्म्याहून कमी मुलांना जमले. हा शेवटचा आकडा तंत्रज्ञानातल्या करिअरबद्दल बोलणाऱ्यांनी नेहमी जवळ ठेवावा असा आहे. भागाकार कच्चा असलेल्या नववीतल्या मुलाला कृत्रिम बुद्धिमत्तेवर तासभर भाषण ऐकवले, तर टाळ्या मिळतात आणि बाकी काही होत नाही.

जी मुले या क्षेत्रात कमी दिसतात ती सगळी एका साच्यातली नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलाची अडचण भाषेची आणि अंतराची असते. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचे दिवाळीनंतरचे महिने फडावर जातात, आणि नववी-दहावीच्या अभ्यासाचे मुख्य महिने तेच असतात. शहराच्या वस्तीतल्या दलित मुलापासून आयटी पार्क चार किलोमीटरवर असते. त्याची आई तिथे सफाईला जाते, पण आतले काम काय चालते हे घरात कोणी सांगू शकत नाही. मुलीच्या वाट्याला यातले सगळे येतेच, शिवाय घराबाहेर राहण्याचा प्रश्न वेगळा. म्हणून एकाच योजनेने सगळ्यांना तंत्रज्ञानाकडे नेण्याचे प्रयत्न बहुतेकदा ज्यांची अडचण सर्वांत कमी आहे त्यांनाच उपयोगी पडतात.

राज्याने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली आणि ती काही वर्षे चालली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलीने सोल्डरिंग आयर्न हातात धरलेले नाही, मदरबोर्ड उघडून पाहिलेला नाही, तिला इलेक्ट्रॉनिक्स आवडते का, हे प्रश्नपत्रिकेवरून कसे कळणार? कल हा ओळखीनंतर येतो. माहीत असलेल्या चार गोष्टींपैकी कोणती आवडते एवढेच अशी चाचणी सांगू शकते, आणि ग्रामीण मुलांच्या बाबतीत त्या चार गोष्टी शिक्षक, पोलीस, तलाठी आणि नर्स या असतात. ओळख करून द्यायची तर ती हातांना करून द्यावी लागते. वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला. हा प्रयोग महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीच झाला आहे.

पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटरवर शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. पाऊस कमी, जमीन मुरमाड, टँकरची सवय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. घेतलेले आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेले कलबाग ती नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह गावात राहायला आले. जे. पी. नाईक यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून आश्रमाचे काम चालले. गांधीजींच्या नई तालीमचा धागा त्यात होता, मात्र चरख्याच्या जागी वेल्डिंग मशीन आले. हात आणि डोके एकत्र चालले की मूल शिकते, हे शिक्षणाचे तत्त्व म्हणून सगळेच सांगतात. कलबागांनी त्याचे वेळापत्रक केले.

त्या अभ्यासक्रमाचे नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. शाळांत तो ‘आयबीटी’ म्हणूनच ओळखला जातो. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कामात घालवायचा. कामाचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. सुतारकाम, पत्राकाम, वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रोपवाटिका, रक्तगट तपासणी, अन्नप्रक्रिया असे सगळे प्रत्येकाने करायचे. मुलींनी शिवण आणि मुलांनी वेल्डिंग अशी वाटणी नाही. ही एक गोष्ट त्या काळच्या ग्रामीण शाळेत पुरेशी बंडखोर होती. राज्य मंडळाने या विषयाला मान्यता दिली, त्यामुळे त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत आले. हे वरवर किरकोळ वाटते, पण गुण नसलेल्या विषयाचा तास आपल्याकडे गणिताचे सर घेऊन टाकतात, हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगायला नको.

चिक्की करणे हा त्यातला एक साधा पाठ. शेंगदाणे तोलायचे, भाजून सोलल्यावर पुन्हा तोलायचे, गूळ तोलायचा, गॅस किती जळला याचा अंदाज काढायचा, वेष्टनाचा खर्च लिहायचा, मजुरी धरायची, मग एका वडीची किंमत काढायची. गणिताच्या पुस्तकात शेकडेवारी हे प्रकरण असते. इथे सोललेल्या दाण्यांची घट धरायला विसरले की हिशेबात नफा दिसतो आणि डब्यात पैसे कमी भरतात. तयार माल किंवा सेवा गावाला विकायची, ही पाबळच्या पद्धतीतली महत्त्वाची अट. शेजाऱ्याने पैसे देऊन घेतलेले स्टूल डुगडुगले तर त्याला शिक्षकाचा शेरा लागत नाही.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने याहून बोलका पाठ जिन्याच्या वायरिंगचा आहे. जिन्याच्या खाली एक बटण आणि वर एक. कोणतेही दाबले तरी दिव्याची स्थिती बदलली पाहिजे. साधी बटणे इथे चालत नाहीत. तीन टोकांची ‘टू-वे’ बटणे लागतात आणि त्यांच्यामध्ये दोन तारा ओढाव्या लागतात. लाकडी बोर्डावर मुले ही जोडणी करतात, पहिल्यांदा बहुतेकांची चुकते, दिवा एकाच बटणाला दाद देतो. मग बोटाने तारेचा माग काढत बसायचे. दोन्ही बटणांच्या मिळून चार अवस्था होतात. प्रत्येक अवस्थेत दिवा लागतो की नाही हे मांडले की चार ओळींचा तक्ता तयार होतो. दोन्ही बटणे एकाच बाजूला असताना दिवा बंद राहील अशी जोडणी केली, तर हा तक्ता म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरमध्ये असंख्य वेळा वापरल्या जाणाऱ्या एक्सॉर गेटचा तक्ता. प्रोग्रॅमिंग शिकायला लॅपटॉप आल्याशिवाय सुरुवातच होत नाही, ही समजूत या बोर्डापुढे टिकत नाही. चूक कुठे झाली ते टप्प्याटप्प्याने शोधण्याची जी सवय सॉफ्टवेअरच्या कामात पगार मिळवून देते, ती इथे शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात लागते.

हे शिकवणार कोण? कलबागांचे उत्तर इथेही वेगळे होते. बी.एड. झालेला शिक्षक वेल्डिंग करू शकत नाही, आणि त्याला पंधरा दिवसांत ते शिकवूनही उपयोग नसतो. म्हणून गावातलेच कुशल लोक निदेशक म्हणून मानधनावर शाळेत येऊ लागले: वायरमन, फॅब्रिकेशनचे दुकान चालवणारा, रोपवाटिकावाला. आश्रमात एका वर्षाचा ‘मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान’ हा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालतो. औपचारिक शाळेत न रमलेली, दहावीत अडकलेली मुले तिथे येतात आणि त्यातले काही पुढे निदेशक होतात, काही स्वतःचे वर्कशॉप टाकतात. ज्याला शाळेने नापास ठरवले त्यानेच शाळेत येऊन शिकवायचे, यात काव्यात्म न्याय आहे. पण त्याहून व्यवहार जास्त आहे. विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच बोलीत बोलणारा, त्यांच्याच गावात कमावणारा माणूस उभा राहतो.

अडचणीही उघड आहेत. मानधन तुटपुंजे असते आणि वेळेवर येतेच असे नाही. संस्थेचा आधार संपला की अनेक शाळांत कार्यशाळेला कुलूप लागते. आणि सगळ्यांत चिवट अडचण मनातली: हाताने काम करण्याचा विषय म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांचा विषय. हुशार मुलांना यातून सूट द्यावी अशी मागणी करणारे पालक असतात, आणि गंमत म्हणजे तेच पालक पुढे मुलाला रोबोटिक्सच्या महागड्या क्लासला घालतात. असे असूनही ही कल्पना पाबळपुरती राहिली नाही. पुण्याच्या ‘लेंड अ हँड इंडिया’ या संस्थेने ती इतर शाळांत नेली, आणि राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीत, म्हणजे एनएसक्यूएफमध्ये, ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ म्हणून तिला जागा मिळाली. आज राज्यातल्या ज्या माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय घेता येतो, तिथे या कोर्सबरोबर माहिती तंत्रज्ञान, ऑटोमोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स असे पर्यायही दिसतात.

पाबळचे नाव जगाच्या नकाशावर आले ते २००२ साली. अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅब म्हणजे संगणकावर आराखडा काढून तो यंत्राने प्रत्यक्षात आणण्याची छोटी कार्यशाळा: लेझर कटर, मिलिंग यंत्र, इलेक्ट्रॉनिक्सचे टेबल. एमआयटीच्या बाहेरची अशी पहिली प्रयोगशाळा बोस्टनजवळच्या एखाद्या उपनगरात झाली नाही, ती पाबळला झाली. आज जगभर अशा प्रयोगशाळा हजाराच्या वर आहेत. पाबळची निवड का झाली याचे कारण सोपे आहे. तिथे यंत्र येण्याआधी प्रश्न तयार होते: दुधाची तपासणी, डिझेल इंजिनाची जुळणी, शेतीची अवजारे. आणि ते प्रश्न हाताळणारे हातही तयार होते.

याच्या नेमके उलट चित्र सरकारी प्रयोगशाळांत पुष्कळदा दिसते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळू लागल्या. सहावी ते बारावीसाठी असलेल्या या प्रयोगशाळेला २० लाख रुपयांचे अनुदान असते, त्यात निम्मे सामग्रीला आणि निम्मे पाच वर्षांच्या खर्चाला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, आर्डुइनोचे संच असे सगळे येते. देशात दहा हजार लॅब झाल्यावर २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. योजना मोठी आहे आणि जिथे एखादा झपाटलेला विज्ञानशिक्षक आहे तिथे तिचे सोने झाले आहे. पण सुरुवातीच्या निकषांत १५०० चौरस फुटांची जागा हवी होती, डोंगराळ भागात १०००. ज्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसतात, तिने या निकषापुढे अर्जच करायचा नाही असे ठरल्यासारखे झाले. आणि जिथे लॅब आली तिथेही महागडे सामान मोडेल या धास्तीने ते काचेच्या कपाटात राहते. वापरून मोडलेला प्रिंटर हा खर्च असतो. न वापरता जुना झालेला प्रिंटर हा अपव्यय. लेखापरीक्षणाला मात्र पहिल्याचीच नोंद दिसते. त्यातच साध्या संगणकाची स्थिती अशी, की शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट.

मुलींपुरते पाहिले तर घरातला फोन हाही एक मापदंड ठरतो. ‘असर’च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. भावाचा फोन तासभर मिळणारी मुलगी त्यावर गृहपाठ पाहील. एखादे ॲप उघडून, मोडून, पुन्हा बसवून बघण्याची चैन तिला नसते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९ च्या अखेरीस ‘विज्ञान ज्योती’ हा कार्यक्रम सुरू केला, तो नववी ते बारावीच्या मुलींसाठीच आहे. जवाहर नवोदय विद्यालये केंद्रे धरून आसपासच्या मुलींना प्रयोगशाळांच्या भेटी, शिबिरे, या क्षेत्रातल्या स्त्रियांशी गप्पा असे उपक्रम त्यात होतात. पालकांचे समुपदेशन हा त्याचा भाग आहे, आणि तोच सर्वांत शहाणपणाचा. पुण्याला पाठवायची की नाही हे ठरवणारी व्यक्ती शिबिरात बसलेली नसते, ती घरी असते.

वरच्या टोकाला आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आणि दोन वर्षांत त्यांचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेले. त्याआधी ते दहाच्या आत होते. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णय मोलाचा आहे. मात्र शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, मेस आणि लॅपटॉप उरतोच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये. अकरावीपासून ती लागू होते, हे अनेक पात्र मुलांना बारावी झाल्यावर कळते.

भाषेचा अडसर दहावीपर्यंत जाणवत नाही. मराठी माध्यमात नव्वद टक्के मिळवलेला मुलगा अकरावी विज्ञानात जातो आणि ‘त्वरण’ अचानक ‘ॲक्सिलरेशन’ होते. विषय तोच, पण पहिले सहा महिने शब्दांशी झुंजण्यात जातात आणि तेवढ्यात काही जण कलेकडे वळतात. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते. त्याच वर्षी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने पाच भारतीय भाषांत अभियांत्रिकी पदवीला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची मराठी माध्यमाची तुकडी निघाली. मधली दोन वर्षे, अकरावी आणि बारावी, मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच उरली आहेत. दोन्ही काठ बांधले आणि पूल राहिला, असा हा प्रकार आहे.

पदवीची वाट न पाहता कामाला लावणारे मार्ग गेल्या काही वर्षांत निघाले. झोहो कंपनीने तामिळनाडूत २००४-०५ च्या सुमारास मोजक्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या शाळेत शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते, आणि शिकून झालेले तिथेच कामाला लागतात. एचसीएलच्या ‘टेकबी’मध्ये बारावीनंतर प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरी सांभाळून पदवी अशी रचना आहे, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी कंपनीशी करार केला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या ‘नवगुरुकुल’ संस्थेने पुण्यात गरीब घरांतल्या मुलींसाठी मोफत निवासी केंद्र चालवले. तिथे मुली प्रोग्रॅमिंग बहुतांशी एकमेकींकडून शिकत. ज्या घरात अठराव्या वर्षी पगार हवा आहे, तिथे असे मार्ग खरोखर उपयोगी पडतात. त्यात सावध राहण्याच्या जागा दोन: पदवी मागे पडली तर दुसरीकडे नोकरी बदलताना अडते, आणि कंपनीच्या प्रशिक्षणाचे शुल्क किंवा कर्ज कोण फेडणार हे करारात बारीक अक्षरात असते. सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यावे. ‘टेकबी’सारख्या ठिकाणी बारावीला गणित लागते, त्यामुळे तो पर्यायही दहावीनंतरच्या निवडीशीच बांधलेला आहे.

आणि एवढे सगळे जमून आलेली मुले शेवटी अडतात ती कागदावर. राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे, आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी गोळा कराव्या लागतात. त्रुटी निघाली की महिने जातात. भटक्या जमातींच्या आणि आदिवासी कुटुंबांत असे जुने कागद सापडणेच कठीण. सीईटीत चांगले गुण मिळवूनही मुदतीत वैधता न मिळाल्याने जागा गमावणारी मुले दरवर्षी असतात. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे करता येतो, आणि अकरावीत असतानाच तो केलेला बरा. नॉन-क्रीमिलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखलाही सुट्टीतच काढून ठेवावा. शाळा व्यवस्थापन समित्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि दिवाळीला गावी आलेल्या नोकरदारांनी तंत्रज्ञानावर व्याख्यान देण्याआधी नववी ते अकरावीच्या मुलांची ही कागदपत्रे एकदा तपासून द्यावीत.